आपल्या तणाचे शास्त्र कोणी करायचे?



मागच्या खरिपातली गोष्ट. तालुक्याच्या बैठकीला आलेल्या एका मावशींनी पदराची गाठ माझ्यापुढे सोडली. आत वीतभर उंचीचे, पांढऱ्या फुलांचे एक कोवळे रोप होते. त्याच्या मुळाला ज्वारीचे मूळ अजून चिकटलेले होते.

"भाऊ, हे निंदून निंदून हात गेले. दुसऱ्या वर्षी दुप्पट येते. याले औषध काहाडलं का नाई तुमच्या सायबायनं?"

मी ओळखले, टारफुला. मी कृषीचा पदवीधर. परीक्षेत लिहिलेले उत्तर तोंडपाठ होते. म्हणालो, "मावशी, फुलावर यायच्या आधी उपटून टाका, पिकाची फेरपालट करा, शेणखत वाढवा."

मावशी म्हणाल्या, "हे तं माही सासूबी सांगे."

बैठक हसली. मीही हसलो. पण रात्री परतताना एस.टी.त ते वाक्य डोक्यातून जाईना. सासूने जे सांगितले त्यापुढे एक पाऊलही टाकता येत नसेल, तर चार वर्षांची पदवी, विद्यापीठे, संशोधन केंद्रे हा सारा पसारा कशासाठी? मग मी जुनी पुस्तके काढली, नवी माहिती मिळवली. तेव्हा कळले की टारफुल्याचे शास्त्र झाले आहे, आणि चांगले झाले आहे. पण ते कुठे झाले, कधी झाले आणि कोणासाठी झाले, हे आपण सर्वांनी समजून घ्यावे म्हणून हा लेख.

चोराची रीत

साधे तण पिकाशेजारी उभे राहते आणि खत-पाण्यात वाटा मागते. टारफुला तसा नाही. तो ज्वारीच्या मुळात आपले मूळ खुपसतो आणि तिच्या अंगातले पाणी व अन्न शोषून वाढतो. शेजाऱ्याने बांध कोरणे वेगळे आणि चोराने घरात शिरून कोठीतले धान्य नेणे वेगळे.

त्याचे बी धुळीसारखे बारीक. एक झाड हजारोंनी बी टाकते. ते बी मातीत दहा-दहा वर्षे झोपून राहते. पाऊस पडला म्हणून ते उगवत नाही. जवळून ज्वारीचे मूळ गेले आणि त्या मुळातून एक ठरावीक द्रव्य पाझरले, तरच ते जागे होते. जमिनीवर त्याचे डोके दिसते तोवर कित्येक आठवडे उलटलेले असतात आणि चोरी होऊन गेलेली असते. म्हणून मावशींच्या निंदण्याने पुढच्या सालचे बी कमी होते, पण यंदाची ज्वारी वाचत नाही. दोष मावशींच्या हातांचा नाही. लढाई जमिनीखाली चालते आणि खुरपे जमिनीवर चालते.

श्रीमंताच्या दारात

हे तण आफ्रिकेत आणि आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे. आफ्रिकेत ज्वारी, बाजरी, मका यांची कितीतरी राने त्यापायी पडीक टाकावी लागली. पण शास्त्राच्या दरबारात त्याची तातडीने दाद घेतली गेली ती 1956 नंतर. त्या वर्षी टारफुला अमेरिकेत, उत्तर आणि दक्षिण कॅरोलिना राज्यांत, मक्याच्या शेतात सापडला.

मग काय झाले पाहा. अमेरिकन सरकारने त्या भागातून माल बाहेर नेण्यावर निर्बंध घातले, खास संशोधन केंद्र काढले, पैसा ओतला. दहा वर्षांत, 1966 साली, टारफुल्याच्या बियाला जागे करणारे द्रव्य तिथल्या शास्त्रज्ञांनी वेगळे काढले. त्याला नाव दिले स्ट्रायगॉल. आणि ते कशातून काढले? कपाशीच्या मुळांतून! कपाशीची मुळे टारफुल्याला हाक मारतात, पण त्याला आपल्या अंगावर जगू देत नाहीत. बी फुटते, आधार मिळत नाही आणि अंकुर मरून जातो. ज्वारीनंतर कपाशी घेण्याची आपल्या आज्याची फेरपालट अडाण्याची नव्हती. तिचे कारण मात्र आपल्याला साता समुद्रापलीकडून कळले.

पुढे तिथल्या शास्त्रज्ञांनी शोधले की इथिलीन नावाचा वायू जमिनीत सोडला तर पीक नसतानाच टारफुल्याचे बी फुटते आणि मरते. त्यांनी यंत्रांनी तो वायू शेताशेतांत सोडला. चार लाखांहून अधिक एकरांत पसरलेले ते तण आज तिथे नाममात्र उरले आहे. सरकार मनावर घेते तेव्हा शास्त्र काय करू शकते याचा हा नमुना आहे.

पण तो उपाय आपल्या बांधापर्यंत आला नाही आणि येणारही नव्हता. वायू सोडणारी यंत्रे, फिरती पथके आणि तो खर्च कोरडवाहू ज्वारीला परवडत नाही. गरिबाच्या शेताला परवडेल असा उपाय एकच, बियाणे. टारफुल्याला हाक न मारणारी ज्वारी. ती शोधण्याची अमेरिकेतल्या मकेवाल्याला गरज नव्हती. ती गरज सुदानच्या, मालीच्या, मराठवाड्याच्या आणि वऱ्हाडाच्या शेतकऱ्याला होती. मग ते काम कोणी केले?

झोपडीतून आलेला माणूस

ते केले गेबिसा एजेटा यांनी. 1950 साली इथिओपियातल्या एका खेड्यात, एका खोलीच्या गवती झोपडीत जन्मलेला हा मुलगा. आईने शिकायला लावले. शाळा 20 किलोमीटर दूर. आठवडाभर शाळेच्या गावी राहायचे आणि सुट्टीला चालत घरी यायचे. पुढे जिम्मा येथील कृषी शाळा. ती अमेरिकेच्या ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठाच्या मदतीने उभी राहिलेली होती. तिथून आलेमाया कृषी महाविद्यालय आणि तिथून अमेरिकेतले पर्ड्यू विद्यापीठ. विषय एकच, ज्वारी.

शिकून मायदेशी परतावे, तर 1974 पासून इथिओपियात लष्करी राजवट आलेली. अशा वेळी हैदराबादजवळच्या पाटणचेरू येथील इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय संस्थेने त्यांना 1979 साली सुदानमध्ये नेमले. 1972 साली स्थापन झालेली ही संस्था कोरडवाहू पिकांसाठीच आहे. आपल्यापैकी पुष्कळांनी तिची शेते पाहिली असतील. सुदानमध्ये एजेटांनी कमी पाण्यात तगणारी संकरित ज्वारी तयार केली, हगीन दुरा-1. ती 1983 साली शेतकऱ्यांना मिळाली आणि 1999 पर्यंत दरसाल सुमारे 10 लाख एकरांवर गेली.

या संकराची वंशावळ सांगण्यासारखी आहे. त्याची मादी टेक्सासच्या विद्यापीठाची. त्या मादीच्या पूर्वजांत इथिओपियाची झेरा-झेरा ज्वारी. म्हणजे ज्वारी इथिओपियातून टेक्सासला गेली आणि इथिओपियाच्या मुलाच्या हातून सुदानात परत आली.

पण हगीन दुरा टारफुल्यापुढे टिकेना. एजेटा 1984 साली पर्ड्यूला प्राध्यापक झाले आणि टारफुल्यामागे लागले. लॅरी बटलर या रसायनशास्त्रज्ञाला सोबत घेऊन त्यांनी प्रयोगशाळेतली एक सोपी पारख बसवली. कोणत्या ज्वारीचे मूळ टारफुल्याला हाक मारते आणि कोणत्या ज्वारीचे मारत नाही, हे काचेच्या बशीत दिसू लागले. हाक न मारणारे वाण निवडले, आफ्रिकेतल्या चांगल्या वाणांशी त्यांचा संकर केला. 1994 साली असे 8 टन बियाणे आफ्रिकेतल्या बारा देशांत पोहोचवले गेले. या कामासाठी एजेटांना 2009 सालचा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. 2023 साली अमेरिकेने त्यांना विज्ञानाचे राष्ट्रीय पदक दिले.

आता हिशेब मांडा. खेड्यातला मुलगा इथिओपियाचा, शाळा अमेरिकेच्या मदतीची, नोकरी आंध्रात मुख्यालय असलेल्या संस्थेची (आता ते तेलंगणात आहे), शेत सुदानचे, प्रयोगशाळा अमेरिकेची आणि बियाणे बारा देशांचे. कोणत्या एका देशाच्या नावावर हे श्रेय लिहायचे? विज्ञान असेच वाढते. ते कुंपणात वाढत नाही.

आपल्या घरचे उदाहरणही तेच सांगते. 1964 साली आलेली सीएसएच-1 ही देशातली पहिली संकरित ज्वारी. तिची मादी टेक्सासमधून आलेली आणि तिच्या अंगात रक्त आफ्रिकेच्या काफिर ज्वारीचे. निवड, चाचणी आणि बीजोत्पादन मात्र आपल्या शास्त्रज्ञांचे. 1970 साली सुरतेला डॉ. सी. टी. पटेल यांनी एच-4 ही कपाशी दिली. संकरित कपाशी शेतकऱ्याच्या शेतात नेणारा भारत जगातला पहिला देश ठरला. तेव्हा आपल्या शास्त्रज्ञाला अक्कल नाही, असे कोणी म्हणू नये.

एक बोच

तरी या गोष्टीत एक बोच आहे. एजेटांना टारफुल्याचे काम करायला अमेरिकेत राहावे लागले. ज्या जमिनीत तण होते तिथे प्रयोगशाळा नव्हती आणि जिथे प्रयोगशाळा होती तिथे ते तण संपत आलेले होते. आणि त्या कामाचा पैसाही बराचसा अमेरिकन सरकारच्या परदेशी मदतीच्या खात्यातून, यूएसएडमधून, येत होता.

2025 साली अमेरिकन सरकारने ते खातेच मोडीत काढले. त्या पैशावर अमेरिकन विद्यापीठांत चालणारे, गरीब देशांच्या पिकांवरचे बहुतेक संशोधन प्रकल्प काही आठवड्यांत बंद पडले. आफ्रिकेतल्या ज्या शास्त्रज्ञांचे प्रयोग शेतात उभे होते त्यांनी काय करायचे? पीक निसवायच्या बेतात असताना पाण्याची पाळी दुसऱ्याने बंद करावी, तसे झाले.

त्यांना नावे ठेवून आपण मोकळे होऊ शकत नाही. तो पैसा अमेरिकन करदात्याचा होता. द्यायचा की नाही हे त्याने ठरवले. पण यातून शिकायचे ते एवढे, की दुसऱ्याच्या विहिरीवर ओलीत करावे, पण आपली विहीर बुजवून नव्हे.

बोंडअळीची तीच कथा

टारफुला लांबचा वाटत असेल तर बोंडअळीकडे या. गुलाबी बोंडअळीचे शास्त्रीय वर्णन पहिल्यांदा झाले ते 1840 च्या दशकात, भारतातल्या कपाशीवर सापडलेल्या नमुन्यांवरून. ती आपल्याच घरची. अमेरिकेत ती पोहोचली 1917 साली. पण 2018 साली अमेरिकेने आपल्या कपाशीतून ती नाहीशी झाल्याचे जाहीर केले. कसे केले? बीटी कपाशी पेरली, बीटीला न जुमानणाऱ्या अळ्या पैदा होतात का यावर दरवर्षी पहारा ठेवला, पऱ्हाट्या वेळेवर गाडल्या, कामगंध वापरले आणि वंध्य केलेले पतंग विमानाने शेतावर सोडले. आणि हे एकट्याने केले नाही. सीमेपलीकडच्या उत्तर मेक्सिकोतही तीच मोहीम एकाच वेळी चालवली, कारण पतंग पासपोर्ट दाखवून सीमा ओलांडत नाही.

चीनने वेगळी वाट धरली. 1997 पासून तिथे अमेरिकन कंपनीच्या बीटीबरोबर चिनी शास्त्रज्ञांनी स्वतः घडवलेले बीटीही शेतात आले. यांगत्से नदीच्या खोऱ्यात संकरित कपाशीचे दुसऱ्या पिढीचे स्वस्त बियाणे पेरले जाऊ लागले. त्यात आपोआप सुमारे चौथा हिस्सा झाडे बिनबीटी निघत. त्या झाडांवर वाढलेल्या साध्या पतंगांमुळे अळीची वाढू लागलेली सहनशक्ती पुन्हा उतरली. चिनी शास्त्रज्ञ ती वर्षानुवर्षे मोजत होते, म्हणून 2017 साली ते जगाला आकड्यांनिशी हे सांगू शकले.

आणि आपण? 2002 साली बीटीला परवानगी मिळाली तेव्हा मी कृषी महाविद्यालयात शेवटच्या वर्षाला होतो. हिरव्या बोंडअळीच्या फवारण्या कमी झाल्या, उत्पन्न वाढले. ते खोटे नव्हते आणि आजही मी ते नाकारत नाही. पण आपण बीटी घातले ते लांब मुदतीच्या संकरित वाणांत. कपाशी जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत रानात आणि त्यावर फरदड. गुलाबी अळीला बाराही महिने जेवण मिळाले. पाकिटाबरोबर आलेले 120 ग्रॅम बिनबीटी बियाणे आपल्यातल्या किती जणांनी पेरले? मीही पेरले नाही. ते कशासाठी आहे हे आमच्या गावात कोणी समजावून सांगितले नाही आणि मी शिकलेला असून मीही सांगितले नाही. 2010 साली गुजरातमध्ये पहिल्या बीटीला अळी दाद देत नाही हे कंपनीनेच मान्य केले. दोन जनुकांचे बीटी 2006 पासून आले होते, पुढे तेही हरले. 2017 साली विदर्भ-मराठवाड्यात बोंडे फोडली तर आत काय निघाले, ते तुम्हाला सांगायला नको.

तंत्रज्ञान एकच होते. अमेरिका-मेक्सिकोने त्याने अळी संपवली, चीनने तिला आवरले, आपल्याकडे तिने आपल्याला हरवले. फरक बियाण्याच्या पाकिटात नव्हता. फरक होता पाकिटामागे उभ्या असलेल्या शास्त्रज्ञात, त्याच्या मोजमापात आणि त्याचा शब्द शेतापर्यंत पोहोचण्यात. तंत्र विकत मिळते, पण ते आपल्या रानात, आपल्या पावसात, आपल्या पेरणीत कसे वागेल हे सांगणारा माणूस विकत मिळत नाही. तो घडवावा लागतो.

इथे आपल्या सरकारी शास्त्रज्ञांचेही माप त्यांच्या पदरात घातले पाहिजे. बिकानेरी नरमा बीटी हे सरळ वाण त्यांनी तयार केले. बियाणे घरचे ठेवता येईल अशी ही बीटी कपाशी. 2008 साली परवानगी मिळाली, 2009 साली ती शेतकऱ्यांना विकली गेली आणि त्याच वर्षी मागे घ्यावी लागली. तिच्यात मोन्सँटो कंपनीच्या जनुकाची भेसळ आढळली. डॉ. सोपोरी समितीने त्याची चौकशी केली. ही चूक लहान नव्हती. पण त्या चुकीची शिक्षा कोणाला झाली? सरळ वाणाची वाट पाहणाऱ्या कोरडवाहू शेतकऱ्याला.

शास्त्रज्ञ अडतो कुठे?

माझा एक वर्गमित्र कोरडवाहू संशोधन केंद्रावर आहे. केंद्राचे नाव सांगत नाही, तो अडचणीत येईल. प्रयोगासाठी एक रसायन हवे म्हणून त्याने जूनमध्ये मागणी केली. तीन दरपत्रके, मग निविदा, मग लेखा विभागाचा आक्षेप. रसायन आले जानेवारीत. पीक कधीच खळ्यावर गेले होते. एका वर्षी परदेशातल्या परिषदेचे बोलावणे आले, येण्याजाण्याचा खर्चही तेच देणार होते. परवानगीची फाइल परत आली तेव्हा परिषद उरकून महिना झाला होता. मधल्या काळात त्याने काय केले? निवडणुकीचे काम, प्रदर्शनाचा मंडप आणि पाहुण्यांचे दौरे. शेजारच्या तीन जागा रिकाम्या, त्यांचे कामही त्याच्याच गळ्यात.

आपल्या राज्यात राहुरी, अकोला, परभणी, दापोली अशी चार कृषी विद्यापीठे आहेत. तिथे शास्त्रज्ञांच्या जागा वर्षानुवर्षे भरल्या जात नाहीत. देशाचे बोलायचे तर 2020-21 च्या सरकारी आकड्यांप्रमाणे देशाच्या उत्पन्नातला 0.64 टक्के हिस्सा सगळ्या प्रकारच्या संशोधनाला जातो. चीनचा 2 टक्क्यांच्या वर आहे. एक गोष्ट मात्र सुधारली. परदेशी शास्त्रीय नियतकालिकांची वर्गणी एकेका विद्यापीठाला झेपत नव्हती. 2025 पासून केंद्र सरकारने सर्व सरकारी संस्थांसाठी ती एकत्र भरायला घेतली आहे. चांगले झाले. पण दुसऱ्याचे वाचायची सोय झाली म्हणून आपले लिहायची सोय झाली असे नाही.

आणि आपले लिहिलेच पाहिजे, कारण काही प्रश्न कोणत्याही श्रीमंताच्या दारात कधीच जाणार नाहीत. काळ्या रानात परतीच्या ओलीवर येणारी रब्बी ज्वारी घ्या. तिची खोडमाशी, तिचा खडखड्या. सोलापूर, नगर, बीड, धाराशिव आणि पलीकडे कर्नाटक-तेलंगणाचा पट्टा सोडला तर अशी ज्वारी या प्रमाणावर जगात फारशी कुठे पिकत नाही. मालदांडी 35-1 ही निवड मोहोळच्या केंद्रावर झाली ती 1930 च्या दशकात. आज नव्वदीच्या घरात पोहोचलेले हे वाण अजून रब्बीचे राज्य सांभाळते आहे. हा मालदांडीचा मोठेपणा आहेच, पण आपल्या संशोधनाचा तो कमीपणाही आहे. भारताच्या पुढाकाराने 2023 हे जगभर भरड धान्य वर्ष म्हणून साजरे झाले. ज्वारीची बिस्किटे पंचतारांकित हॉटेलात पोहोचली. आता ज्वारीचा शास्त्रज्ञही ज्वारीच्या रानात पोहोचू द्या.

दोन सोप्या उत्तरांपासून सावध

आपल्या बैठकांत दोन सोपी उत्तरे ऐकू येतात. एक म्हणते, सरकारी संशोधन बंद करा, कंपन्या आणतील ते घेऊ. दुसरे म्हणते, परदेशी विज्ञान हा कट आहे, आपले जुने ते सोने.

पहिल्याला मी म्हणतो, तंत्रज्ञान निवडण्याचे स्वातंत्र्य शेतकऱ्याला हवेच. पण दोन पाकिटांतले कोणते आपल्या रानात टिकेल हे सांगणारा तिसरा, विक्री न करणारा माणूस नसेल, तर ते स्वातंत्र्य आंधळ्याने बाजारात फिरण्यासारखे आहे. आणि ज्या पिकाचे बियाणे शेतकरी घरचेच ठेवतो त्या पिकावर कंपनी कशाला पैसा लावील? तो तिचा धंदा नाही. त्यात राग धरण्यासारखे काही नाही.

दुसऱ्याला मी म्हणतो, तुमच्या ताटातल्या ज्वारीचे मूळ आफ्रिकेत आहे. जुने म्हणून जे जपता तेही कधीतरी कोणीतरी बाहेरून आणलेलेच आहे. बियाण्याची देवाणघेवाण थांबली की पहिला मरतो तो गरीब देशाचा शास्त्रज्ञ. 2004 साली अमलात आलेल्या आंतरराष्ट्रीय करारात देशांनी मोकळेपणाने वाटून घ्यायच्या पिकांची यादी आहे. त्या यादीत ज्वारी आहे, कापूस नाही. म्हणून कापसाचे वाण मिळवायला दरवेळी देशादेशांत वेगळी बोलणी करावी लागतात. यावर आपण कधी आवाज उठवला? आपल्याला तो प्रश्न माहीतच नव्हता.

जिल्हा बैठकीपुढे ठेवायचे

मी बैठकीपुढे चार गोष्टी ठेवतो. चर्चा करा, बदल करा, पण नुसत्या टाळ्या वाजवून उठू नका.

एक. कोरडवाहू तालुक्यांतल्या संशोधन केंद्रांवरच्या शास्त्रज्ञांच्या रिकाम्या जागा मुदतीत भराव्यात आणि नेमलेल्या माणसाला किमान दहा वर्षे एका पिकावर राहू द्यावे. टारफुल्याचे बी दहा वर्षे मातीत टिकते आणि आपला शास्त्रज्ञ तीन वर्षांत बदलून जातो. ही शर्यत कोण जिंकणार?

दोन. ज्वारी आणि कापसाच्या शास्त्रज्ञांची आफ्रिकेशी थेट ये-जा सुरू करावी. टारफुला इथिओपियाचा आणि आपला सारखाच वैरी आहे. मग दोघांची भेट अमेरिकेतच का व्हावी? परभणीचा माणूस तिकडे जावा, तिकडचा इकडे यावा आणि खर्च आपल्या सरकारने करावा. दुसऱ्याच्या दानावर चालणारे सहकार्य दात्याची मर्जी असेतोवरच टिकते.

तीन. कोणते बियाणे कोणत्या किडीपुढे हरले याची सरकारी मोजणी दरसाल मराठीत, पेरणीच्या आधी, गावागावांत लागली पाहिजे. बीटीची ताकद उतरल्याची बातमी आपल्याला बोंडे फोडून कळू नये.

चार, आणि हे आपले स्वतःचे. प्रयोगाला शेत द्या. चाचणीच्या वाफ्यात गुरे सोडू नका, कणसे नेऊ नका. टारफुला कुठे वाढतो, कुठे घटतो याची नोंद ठेवा. शास्त्रज्ञाकडून हिशेब मागायचा तर त्याला आपणही आकडे दिले पाहिजेत.

मावशींना उत्तर

आता शेवटी मावशींचे देणे. 2005 साली जपानी शास्त्रज्ञांनी दाखवले की टारफुल्याला जागे करणाऱ्या स्ट्रायगॉलच्या जातीचे द्रव्य पीक मुळात चोरासाठी सोडतच नाही. जमिनीत एक उपकारी बुरशी असते. ती मुळांशी जोडी करून पिकाला स्फुरद आणून देते. ती हाक त्या बुरशीसाठी असते. जमिनीत स्फुरद कमी असेल तर भुकेली झाडे जोराने हाक मारतात. हाक मित्रासाठी असते, पण ती चोरही ऐकतो. म्हणून हलक्या, उपाशी रानात टारफुला माजतो. माती तपासून स्फुरदाची कमतरता भरून काढली तर त्याचा जोर उतरतो, असे दिसले आहे.

म्हणजे सासूचे शेणखत बरोबरच होते. सासूच्या पुढचे एक वाक्य वीस वर्षांपूर्वी तयार झाले होते, ते एवढेच, की आधी माती तपासा आणि ज्वारीची भूक भागवा. ते जपानमधून बांधापर्यंत यायला वीस वर्षे लागली, कारण मधल्या वाटेवर उभा असायला हवा तो माणूस जागेवर नव्हता. कधी त्याची जागा रिकामी होती, कधी तो मंडप घालत होता. आणि कधी, कबूल करतो, तो माझ्यासारखा पदवी घेऊन जुनेच उत्तर पाठ म्हणत होता.

या रब्बीनंतर मावशींच्या रानातली माती तपासायला मी स्वतः जाणार आहे. तुमच्या तालुक्यात अशी राने असतील तर बैठकीत नावे द्या. पुढच्या खरिपात मोजू, आणि जे दिसेल ते याच पानांवर छापू. ते खरे ठरले तरी आणि खोटे ठरले तरी.